बेगम आणि सोयाबीनचे शंभर दाणे

"तीन दिवस! फक्त तीन दिवसांत ह्या मांजरीला शिस्त लावतो! न्हाई लावली तर नाव बदलून टाकीन!" कारभारीअण्णांनी चहाचा कप बशीत आपटला.

त्यांचा संताप रास्तच होता. सकाळी त्यांनी चपलेत पाय घातला आणि चप्पल ओली निघाली!

बेगम त्यांच्या जालन्याच्या घरातली चौदा वर्षांची मांजर. जन्मभर न्हाणीघराबाहेरच्या घमेल्यातल्या वाळूवर अदबीनं बसली. पण महिन्याभरापासून पुढचे पाय घमेल्यात, मागचे बाहेर आणि सगळा कारभार फरशीवर! आज तर थेट चपलेत!

"म्हातारी झाली हो ती," त्यांच्या पत्नी दैवशालाबाई म्हणाल्या.

"म्हातारी? मी त्रेसष्टचा हाये! मी बसलो का कुठं चपलेत?"

दैवशालाबाईंनी चप्पल धुवायला उचलली.

अण्णांनी निदान केलं की बेगम अंगानं सुटली आहे, तिला घमेलं लहान पडतं. बियाण्याच्या कंपनीत तीस वर्षं उगवण तपासून निवृत्त झालेला माणूस. निदान चुकेल कसं? त्यांनी बाजारातून गुडघाभर उंचीचा टब आणला, अर्धी गोणी वाळू ओतली आणि बेगमला उचलून आत ठेवलं. ती कशीबशी बाहेर पडली आणि लंगडत पलंगाखाली गेली.

"नाटकं बघा! आता ऐक, पुन्हा घरात घाण दिसली तर तुझी रवानगी वाटूरला, भारतच्या आखाड्यावर!"

भारत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, वाटूरला शेती करणारा; आखाडा म्हणजे त्याची शेतातली वस्ती. दैवशालाबाईंना काळजी लागली. तोंडात तीन दात उरलेली ही मांजर शेतातल्या कुत्र्यांपुढं किती दिवस टिकणार?

पण आश्चर्य! दुसऱ्या दिवसापासून फरशी कोरडी. चपला कोरड्या. अण्णा छाती काढून घरभर फिरू लागले. टब साफ बायको करते, असं त्यांना वाटलं. नवरा करतो, असं बायकोला वाटलं. टबात डोकावलं मात्र कुणीच नाही.

आता अण्णांचं लक्ष मागच्या गॅलरीकडं वळलं. पेरणी तोंडावर आली होती. भारतनं घरचं सोयाबीन उगवण तपासायला पाठवलं होतं. अण्णांनी उथळ ट्रेमध्ये ओली वाळू पसरून मोजून शंभर दाणे लावले होते. आठव्या दिवशी पाहिलं तर उगवले सहा! वाळू जागोजाग उकरलेली, आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं!

"सडलं! सगळं बियाणं सडलं!" त्यांनी वाळूतला एक काळा गोळा चमच्यानं उचलला, भिंगातून निरखला आणि पुरावा म्हणून डबीत घातला. मग फोन लावला. "भारत, अरे हे बियाणं हाये का कचरा? शंभरात सहा! बुरशीचे गोळे झालेत गोळे! बापाच्या वावरात हे पेरणार तू?"

तासाभरात भारत मोटारसायकलवरून दारात हजर, तोंड लालबुंद, काखेत ओलं गोणपाट. त्यानंही आठवड्यापूर्वी त्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते. त्यानं ते फरशीवर उलगडलं. दाण्यांना पांढरेशुभ्र कोंब!

"मोजा! नव्वदाच्या वर हायेत! माझ्या बियाण्याला कचरा म्हंता?"

"गोणपाटाचं सांगू नको मला! मी वाळूत केलंय, बराबर शास्त्रानं! हे घे, वास घे!" अण्णांनी डबी त्याच्या नाकाखाली धरली.

भारतनं वास घेतला आणि डोकं झटकलं. "अण्णा, हे बियाणं न्हाई!"

"मंग काय हाये?"

उत्तर बेगमनंच दिलं. ती हळूहळू गॅलरीत आली, एकेक पाय उचलून ट्रेमध्ये चढली, उरलेले सहा कोंबही उकरून बाजूला केले आणि डोळे मिटून बसली.

"पोतं आण!" अण्णा किंचाळले. "आत्ताच्या आत्ता ने हिला वाटूरला!"

भारत जागचा हलला नाही. बेगमचं आटोपल्यावर तो उकिडवा बसला आणि गोठ्यातल्या बैलाचा पाहावा तसा तिचा मागचा पाय हळूच दाबून पाहिला. बेगम कळवळून ओरडली.

"गुडघे गेलेत हिचे. त्या टबात ही चढंल कशी? डॉक्टरला दाखवा जल्दी. शिस्त कसली लावून राह्यले तुम्ही?"

दैवशालाबाई कडाडल्या, "तुमचे गुडघे गेले तेव्हा घरात कमोड बसवला! तुम्हाला कुणी वाटूरला धाडलं का?"

पोत्याचा विषय तिथंच संपला. डबी मात्र हातातच राहिली होती.

बेगमला डॉक्टरनं औषध दिलं. उथळ ट्रे तिच्या नावावर झाला. टब वाया जाऊ नये म्हणून अण्णांनी त्यातच नवे शंभर दाणे लावले आणि आठव्या दिवशी पुन्हा फोन केला.

"भारत, एक्याण्णव उगवले! बिलकुल बिनधास्त पेर!"

"तुम्ही मोजले?"

अण्णा घुटमळले. "न्हाई. तुझ्या वहिनीनं मोजले. टब लई खोल हाये रे... मला वाकता येत न्हाई."

पायाशी बेगम ट्रेमधून सावकाश बाहेर पडत होती. ती थांबली आणि तिनं वर पाहिलं.

"काय बघून राह्यलीस?" अण्णा खेकसले, पण जरा हळूच.