वाघाचा नेम आणि बरणीतली सावली

एका जंगलात एक वाघ होता आणि त्याला वाचनाची आवड होती. हसू नका, मुलांनो. तुमच्या घरात कपाटभर पुस्तकं आहेत, म्हणून तुम्ही ती हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालता. त्या वाघाकडे एकही नव्हतं, म्हणून त्याला आवड होती.

वाघाचं नाव पट्टेराव. लहानपणी तो सुट्टीत मावशीकडे राहायला जाई. वाघाची मावशी कोण, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती गावात एका मास्तरांच्या माळ्यावर राहायची. तिथे पट्टेरावाला एक जाडजूड अद्भुत कादंबरी मिळाली. ऊन खात, शेपूट हलवत तो ती वाचत बसे. शेवटची पानं उरली होती, तेवढ्यात आई न्यायला आली.

"राहिलेलं पुढच्या सुट्टीत वाच," आई म्हणाली.

पुढच्या सुट्टीपर्यंत पट्टेराव चांगलाच थोराड झाला. तो दारात उभा राहिलेला पाहून मास्तरांनी मागच्या दाराने गाव सोडलं आणि नंतर माणसं पाठवून पुस्तकंही नेली. मावशीने काही थांबवलं नाही. मांजरांना साहित्याचं काही नसतं.

वर्षं गेली. पट्टेराव जंगलाचा राजा झाला. राज्यकारभार म्हणजे काय, तर रोज कुणाला तरी खायचं आणि मग झोपायचं. एका दुपारी असाच जेवून लवंडला असताना त्याला एकदम ती कादंबरी आठवली. एक चेटकीण होती. ती लोकांच्या सावल्या कापून बरण्यांत भरून ठेवायची. एका राजपुत्राची सावली अशीच बरणीत अडकली होती आणि तो ती सोडवायला उडत्या बाजेवर बसून निघाला होता.

पुढे काय झालं? सावली सुटली का? आणि पुस्तकाचं नाव काय?

नाव काही आठवेना. पट्टेराव या कुशीवरून त्या कुशीवर झाला. दातात अडकलेलं हाड निघतं, पण डोक्यात अडकलेलं पुस्तक निघत नाही. शेवटी तो उठला, पाणवठ्यावर आला आणि सगळ्यांसमोर ओंजळभर पाणी सोडून त्याने नेम केला.

"ते पुस्तक सापडेपर्यंत मांस वर्ज्य!"

प्राण्यांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, राजा आजारी आहे. मग मात्र रानडुकरांनी पटापट जमीन उकरून रताळी आणली, माकडांनी केळी उतरवली, तळ्यातले शिंगाडे आले. पट्टेरावाने सगळं खाल्लं आणि आणखी मागितलं. एकादशी, दुप्पट खाशी. पण रताळ्याला बायकापोरं नसतात, त्यामुळे कुणी रडलं नाही.

चिटणीस कोल्हा हुशार होता. त्याने त्याच संध्याकाळी महाराजांसाठी ग्रंथशोध मंडळ काढलं आणि महाराज झोपल्यावर सभासदांना मंडळाचं धोरण समजावून सांगितलं.

"शोधायचं जोरात. सापडू द्यायचं नाही. कळलं?"

कळलं. इतकं लवकर कुठल्याही मंडळाला काही कळलेलं नाही.

मग रोज संध्याकाळी जांभळाखाली सभा भरू लागली. महाराज कथानक सांगत आणि सभासद डोकं खाजवत. सशाला प्रत्येक वेळी एकच पुस्तक आठवे, आणि ते गाजरलागवडीवर होतं. मोर म्हणे, "मी वाचलंय. नाव आठवत नाही, पण महाराज, तुमचं काहीतरी चुकतंय." रानगवा काहीच न सांगता, "मलाही हेच पुस्तक हवंय," म्हणून पुढे येऊन बसे. घुबड विचारी, "मुखपृष्ठ कोणत्या रंगाचं होतं?" महाराज म्हणत, "निळं. किंवा हिरवं. किंवा चहा सांडला असेल." घुबड मान हलवी आणि झोपी जाई.

जंगल सुखात होतं. पाडसं दिवसाढवळ्या खेळू लागली. चितळांच्या म्हाताऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा सांधेदुखी झाली, कारण तोवर त्या वयापर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं.

दुःखी होता फक्त एक जण. नारोपंत भेकर.

नारोपंतांना उत्तर माहीत होतं. अगदी पहिल्या दिवसापासून. डाकबंगल्याच्या व्हरांड्यात कुणी पाहुणे ती कादंबरी विसरून गेले होते आणि नारोपंतांनी ती पळवून आणली होती. ते ती उशाला घेऊन झोपत. आता भेकराचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. काही दिसलं की ओरडलंच पाहिजे. त्यातून नारोपंत विद्वान. चुकीचं उत्तर कानावर पडलं की त्यांच्या पोटात कळ यायची.

"अहो, तोंड मिटून बसा," त्यांची बायको भागीरथी रोज सभेला निघताना बजावी. "पदरात दोन पाडसं आहेत."

"अगं, पण तो मोर वाटेल ते ठोकून देतो!"

"देऊ दे. त्याच्या ठोकण्यावर आपलं घर चाललंय."

नारोपंत गप्प बसत. जीभ चावत, खूर आपटत, पण गप्प बसत. मी तुम्हाला खरं सांगतो, मुलांनो, मला त्या भेकराची दया येते. उत्तर माहीत असून बोट खाली ठेवणं किती कठीण असतं, हे तुमच्यातल्या पहिल्या बाकावरच्यांना विचारा.

आणि एका संध्याकाळी महाराज चाचरले.

"ती बरणी कसली होती बरं? लोणच्याची... की तुपाची?"

"तुपाची," ससा म्हणाला.

"तुपाचीच," मोर म्हणाला. "मला स्वच्छ आठवतंय."

"ठराव करून टाकू," कोल्हा म्हणाला. "बरणी तुपाची. अनुमोदन?"

सगळ्यांनी पाय वर केले. नारोपंतांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. शेजारी बसलेल्या भागीरथीने त्यांच्या पायावर पाय ठेवला, पण उशीर झाला होता.

"लोणच्याची!" नारोपंत ओरडले. "कैरीच्या लोणच्याची! मूर्खांनो, तुपाच्या बरणीत सावली टिकेल का? मीठ नको? पुस्तकाचं नाव 'सातव्या बरणीतली सावली'! मुखपृष्ठ जांभळं! आणि ती बाज नव्हती, महाराज, पाळणा होता!"

पट्टेरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने नारोपंतांना मिठी मारली. नारोपंतांनाही रडू फुटलं. इतक्या दिवसांनी त्यांचं पोट दुखायचं थांबलं होतं.

"पंत," महाराज म्हणाले, "सावली सुटली का?"

"ते मी सांगणार नाही," नारोपंत ताठ मानेने म्हणाले. "शेवट सांगणं हा वाचकाचा अपमान आहे. पुस्तक आणून देतो."

आणि त्यांनी धावत जाऊन ते आणून दिलं. वाटेत कोल्ह्याने हात जोडले, डुकरं आडवी पडली. नारोपंत त्यांच्यावरून उडी मारून गेले.

पट्टेरावाने तिथेच बसून राहिलेली पानं वाचली. सगळं जंगल त्याच्या तोंडाकडे बघत होतं. शेवटचं पान उलटून त्याने पुस्तक मिटलं.

"सुटली," तो म्हणाला. "झाकण नीट लागलेलंच नव्हतं म्हणे." त्याने पुस्तक उलटं धरून झटकून पाहिलं. "एवढंच होतं होय."

मग त्याने आळस दिला. "नेम पुरा झाला. उद्या पारणं. पंत, तुमच्यामुळे हा दिवस आला, तेव्हा पारण्याला पहिला मान तुमचा."

"जाऊ नका," त्या रात्री भागीरथी म्हणाली.

"जाहीर सत्कार आहे, अगं. अध्यक्षस्थानी स्वतः महाराज! आमच्या घराण्यात कुणाला असा मान मिळालाय?"

सत्कार थाटात झाला. नारोपंतांच्या खांद्यावर शाल घातली, श्रीफळ दिलं. मोराने भाषणात त्यांना 'थोर सांबर' म्हटलं, ती चूक नारोपंतांनी उभं राहून दुरुस्त केली. टाळ्या झाल्या. मग महाराजांनी शाल त्यांच्या अंगावरून काढली, नीट घडी करून बाजूला ठेवली आणि पारणं फेडलं.

भागीरथी खूप रडली. खोटं रडली नाही. माणूस हट्टी असला तरी आपला असतो, भेकराचंही तसंच. दुसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले, पाडसांना पाठीशी घातलं आणि ती गुहेसमोर येऊन उभी राहिली. महाराज पोटावर पंजा ठेवून पडले होते.

"वहिनी, वाईट वाटतं," पट्टेराव म्हणाला. "फार वाचलेले होते."

"होते खरे. तुम्हाला एक सांगायचं त्यांचं राहून गेलं, महाराज."

"काय?"

"दुसऱ्या भागाचं."

पट्टेराव उठून बसला. "दुसरा भाग आहे?"

"आहे तर! सावली सुटली, पण ती राजपुत्राकडेच गेली की दुसऱ्या कुणाला चिकटली, ते त्यात आहे म्हणे. रात्री झोपताना सांगायचे."

"कुणाला चिकटली? नाव काय त्या भागाचं?"

"ते त्यांनाच ठाऊक होतं," भागीरथी म्हणाली.

पट्टेरावाने सावकाश आपल्या पोटाकडे पाहिलं. पोटातून काही उत्तर आलं नाही. मग तो जड पावलांनी पाणवठ्यावर गेला, पुन्हा ओंजळभर पाणी सोडलं आणि डुकरांना हाक मारली.

रताळी उकरायला सुरुवात झाली. त्या गडबडीत चिटणीस कोल्हा भागीरथीजवळ सरकला.

"वहिनी, खरंच आहे का हो दुसरा भाग?" त्याने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक, भावोजी?" भागीरथी म्हणाली. "मला वाचता कुठे येतं?"

आणि ती पाडसांना घेऊन उघड्या माळावर चरायला निघून गेली.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं, यात शंका नाही. फक्त समोरच्याचं जेवण झालं आहे का, ते आधी विचारून घ्यावं.