दर रविवारी दहा वाजता

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई हातात झाकलेले पातेले घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा ठमीच्या आईचा ऊर भरून आला. परदेशातल्या या इमारतीत राहायला येऊन चौदा महिने झाले होते. तेवढ्या काळात ठमी जन्मली, तिला दोन दात आले, ती धरून धरून उभी राहू लागली. पण शेजारच्या एकाही माणसाने त्यांच्या दारावर टकटक केली नव्हती. जिन्यात गाठ पडली तर मान हलवायची आणि पुढे व्हायचे, एवढाच काय तो घरोबा. आणि आज चक्क गरम सूप!

"आत या ना," ती म्हणाली. इथली भाषा ती अजून पाहुण्यांच्या कपबश्यांसारखी जपून वापरत असे.

नर्सबाई आत आल्या नाहीत. तिच्या खांद्यावरून त्यांनी घरात एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तो घरी आहे?"

"नाही, कामावर गेलाय."

"बरं झालं. मुली, आम्हाला सगळं ऐकू येतं हं. दर रविवारी. दहा वाजता."

ठमीची आई शरमली. ऐकू न येऊन सांगते कुणाला! दर रविवारी दहाच्या ठोक्याला ठमीचा बाबा मायदेशी थोरल्या भावाला फोन लावी, आणि मग दोघे भाऊ मिळून राजकारणाची पिसे काढत. दादा एका पक्षाचे, हा बरोबर त्याच्या उलट पक्षाचा. गेल्या नऊ वर्षांत त्याने ना तिकडे मतदान केले होते ना इकडे. तिकडच्या यादीतून नाव गेलेले, इकडच्या यादीत अजून लागायचे होते. त्यामुळे सगळी मते घरातच साठत आणि रविवारी बांध फुटे. तोंडी लावायला इथल्या गल्लीचा कारभारही असे. फोन कानाला लावून तो बाल्कनीत येरझाऱ्या घाली आणि एकेका खिडकीकडे बोट रोखून दादांना सुनवी, "इथल्या माणसांकडून शिक काहीतरी! आमच्या खालच्या बाई कचऱ्याचे सहा डबे करतात, सहा! तुझ्या पक्षाला जमेल का हे?"

"माफ करा हं," ती नर्सबाईंना म्हणाली. "मी किती वेळा सांगितलं त्याला, पण ऐकेल तर शपथ."

"तुझी काही चूक नाही." नर्सबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "कधीपासून चाललंय हे?"

"लग्नाच्या आधीपासून!" तिला हसू आले. "त्यांच्या घराण्यातच आहे ते. सासऱ्यांनी तर एकदा बुक्की मारून टेबल मोडलं होतं. सासूबाई बिचाऱ्या कानात कापूस घालून बसायच्या."

"अरे देवा! आणि तू काय करतेस?"

"मी ठमीला घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि दार लावून घेते. सवय झाली आता."

"कधी थांबेल असं वाटतं तुला?"

"छे हो! पुढच्या महिन्यात तर आणखी वाढेल." पुढच्या महिन्यात तिकडे निवडणूक होती, पण ते पुराण दारात उभ्याने कुठे लावायचे, म्हणून तिने तेवढ्यावरच सोडून दिले.

नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळले. "माझं दार कधीही वाजव. पायात काही न घालता आलीस तरी चालेल," म्हणून त्या गेल्या. किती प्रेमळ बाई, असे ठमीच्या आईला वाटले. पायात काही का घालायचे नाही, ते मात्र कळले नाही.

संध्याकाळी सूप ओरपत ठमीच्या बाबाने आपले मत दिले. "मी म्हणतच होतो! इथली माणसं वेळ घेतात, पण एकदा माणूस ओळखला की ओळखला."

त्यानंतर इमारतीने जणू कूसच बदलली. केअरटेकर ठमीची गाडी न सांगता जिन्यावरून उचलून देऊ लागला. वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले तिला पाहून टोपी काढू लागले. ठमीचा बाबा दिसला की मात्र तेच लोक भिंतीकडे बघत जिना उतरत.

"माझ्याकडे बघून कुणी हसत नाही गं," तो म्हणाला.

"तू माणूस बघून बोलत नाहीस, बोट दाखवून बोलतोस. कसे हसतील?"

शुक्रवारी पत्र आले. पालिकेच्या बालकल्याण कार्यालयाचे. ठमीच्या आईने ते उभ्याने वाचायला घेतले आणि तिसऱ्या ओळीला ती खालीच बसली. 'आपल्या घरी लहान मूल असून तिथे वारंवार होणाऱ्या गंभीर कलहाबद्दल तीन शेजाऱ्यांनी काळजी कळवली आहे. बुधवारी दुपारी चार वाजता अधिकारी दुभाष्यासह भेट देतील. समाधान होईपर्यंत मुलीच्या नावाची फाईल खुली राहील.'

"कलह? कोणाचा कलह?" ठमीच्या बाबाने पत्र उलटसुलट करून पाहिले.

"आपला."

"आपला? अगं, तुझ्याशी भांडायला मला वेळ तरी आहे का?"

पण तिला ते ऐकू येत नव्हते. दारातले तिचे स्वतःचे शब्द एकेक करून परत येत होते. घराण्यातच आहे. टेबल मोडलं. कानात कापूस. दार लावून घेते. सवय झाली. आणि ते शेवटचे, पुढच्या महिन्यात आणखी वाढेल! दुसऱ्या कुणी नव्हे, खुद्द तिने, हसत हसत, स्वतःच्या नवऱ्याला फासावर चढवले होते. ठमी तिच्या मांडीवर चढून पत्राचा कोपरा चोखत होती. फाईल! अकरा महिन्यांच्या जिवाची फाईल, ज्याला अजून 'आई' म्हणता येत नव्हते! तिने ठमीला इतके घट्ट धरले की ती किंचाळली, आणि दोघांनी एकदम उठून खिडकी लावली.

त्या रविवारी ठमीच्या बाबाने पांघरुणात तोंड घालून फोन केला.

"आवाज का बसलाय तुझा?" दादांनी विचारले.

"कुठे काय."

"बरं, त्या मंत्र्याने तिसऱ्यांदा पक्ष बदलला, वाचलंस का? योग्यच केलं, म्हणतो मी."

आठवडाभर तो याच वाक्याची वाट पाहत होता. कपाळावरची शीर टरारून फुगली. ठमीच्या आईने नुसते ठमीकडे बोट दाखवले. शीर ओसरली. "बदलला असेल," तो पुटपुटला, "काही कारणाने."

चार मिनिटांत फोन संपला. नऊ वर्षांत असे झाले नव्हते.

बुधवारी चारला पाच कमी असताना अधिकारी बाई आल्या. शांत चेहरा, मांडीवर जाड वही. सोबत दुभाषा, पन्नाशीचा, गळ्यापर्यंत बटणे लावलेला. त्याने खुर्ची थोडी बाजूला ओढली आणि शुद्ध मराठीत सांगितले, "जे बोललं जाईल ते मी तसंच्या तसं सांगणार. माझं स्वतःचं मत नाही." परक्या मुलखात आपली भाषा ऐकून एरवी तिने त्याला जेवूनच जा म्हटले असते. आज तिने नुसते पाणी दिले.

अधिकारी बाईंनी वही उघडली. "आपण दार लावून घेता, असं आपण म्हणालात?"

"हो, पण..."

"पुढच्या महिन्यात वाढेल, असंही?"

"तिकडे निवडणूक आहे हो! ते राजकारणावर बोलतात. भावाभावांत. फोनवर!"

दुभाष्याने तसेच सांगितले. अधिकारी बाई पाहतच राहिल्या. "इतक्या जोरात? राजकारणावर?" त्यांनी लिहिले काहीच नाही, आणि त्या न लिहिण्याचीच ठमीच्या आईला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात ठमीच्या बाबाचा फोन वाजला. त्याने कापला. परत वाजला, परत कापला. मग तिचा वाजू लागला.

"कोण आहे?" बाईंनी विचारले. "घ्या. आम्हालाही ऐकू द्या."

"ठमीच्या आई," दादांचा आवाज खोलीभर झाला, "रविवारपासून मला झोप नाही. तो गप्प का आहे? खरं सांग, काय लपवताय तुम्ही दोघं?"

दुभाष्याने तसंच्या तसं सांगितले. आता मात्र वहीत पेन धावू लागले.

"दादा, काही नाही रे, सगळं ठीक आहे," ठमीचा बाबा घाईघाईने म्हणाला.

"ठीक आहे? मग त्या मंत्र्याबद्दल बोल."

ठमीच्या बाबाने पेनाकडे पाहिले. वहीकडे पाहिले. एवढासा आवाज काढून तो म्हणाला, "दादा, तुझंच बरोबर आहे."

पलीकडे भांडे पडल्यासारखा आवाज झाला. "माझं बरोबर? अगं, इकडे ये लवकर, हा म्हणतोय माझं बरोबर आहे! ठमीच्या आई, आधी डॉक्टर बोलव! मी तिकीट काढतो!"

"काय म्हणताहेत ते?" अधिकारी बाईंनी विचारले.

दुभाष्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणताहेत?"

"बाई, हे म्हणताहेत की..." त्याने गळ्याचे बटण सोडले आणि तो एकदम फोनकडे वळला. "साफ चूक! त्याने पक्ष बदललाच नाही! पक्षच त्याच्या पायाखालून सरकला!"

"कोण बोलतंय?" दादा गरजले.

"मी दुभाषा!"

"मग भाषा बघा तुमची! राजकारणात कशाला नाक खुपसता?"

"सरकला?" ठमीच्या बाबाचे तीन दिवसांचे पथ्य तिथे सुटले. त्याची मूठ टेबलावर आदळली. "तीन वेळा सरकला? पक्ष आहे का सरकता जिना? खुर्चीसाठी गेला तो, खुर्चीसाठी!"

"शाब्बास! आता कसा माझा भाऊ बोलला!" दादा फोनमधून ओरडले. "आणि साफ चूक बोलला!"

मग तिघांचेही भान सुटले. दुभाषा उभा राहिला. पेला कलंडला. दार धाडकन उघडून नर्सबाई आत आल्या, मागे हातात हातोडी घेऊन केअरटेकर. "पळ मुली!" म्हणत नर्सबाईंनी ठमीच्या आईला पोटाशी धरले आणि ओढायला सुरुवात केली. संपले सगळे, तिच्या मनात आले. आता फाईल कुणीच मिटत नाही.

नर्सबाईंच्या काखेतून तिने मान वर काढली आणि अधिकारी बाईंना इथल्याच भाषेत म्हणाली, व्याकरण गेले चुलीत, "बाई, हे सगळं तिकडच्या एका मंत्र्यावरून चाललंय! हे दोघे भाऊ एकमेकांना 'बरा आहेस ना' असं विचारूच शकत नाहीत. सासरे गेले त्या दिवशीही दोघं फोनवर कुठल्याशा पुलावरूनच भांडले. तासभर. मग दोघंही रडले. आवाज मोठा असला की सगळं ठीक आहे असं समजायचं. हळू बोलले की मला भीती वाटते."

अधिकारी बाई ठमीकडे बघत होत्या. ठमी टेबलाला धरून उभी होती. बाबाची मूठ आदळली की तिचाही पंजा टेबलावर आदळे. मग ती एक बोट दुभाष्यावर रोखून "ह्या!" म्हणे, आणि दोन्ही दात दाखवून हसे. घाबरलेली मुले बाईंनी वीस वर्षांत पुष्कळ पाहिली असतील. वाद घालणारे हे त्यांचे पहिलेच असावे.

"म्हणजे," नर्सबाई खुर्चीत कोसळल्या, "इतके रविवार मी रडले, ते एका मंत्र्यासाठी? नवरा-बायकोचं भांडण मला समजतं. पण इतक्या लांबच्या मंत्र्यासाठी माणूस टेबल फोडतो?" त्या तिथून निघेपर्यंत नुसती मान हलवत राहिल्या. त्यांना खरा धक्का आता बसला होता.

पंधरा दिवसांनी पत्र आले. ठमीच्या आईने ते बसूनच फोडले, ठमीला मांडीत घेऊन. पत्र अगदी लहान होते. 'मूल सुरक्षित. आई सुरक्षित. वडिलांपासून कुणालाही धोका नाही. फाईल बंद करण्यात येत आहे.'

तिने डोळे पुसले आणि खालचा शेरा वाचला.

'पुढील कामांसाठी दुभाषा बदलावा.'