क्रमांक नसलेला बटाटा

क्रमांक नसलेला बटाटा हा बियाणे नसून भाजी समजावा, असे सरकारी बियाणे कार्यालयाचे पत्र १९७९ च्या दिवाळीनंतर सायखेड्याच्या चांगुणाला आले. पत्र तिच्या नावाचे होते. चूक बटाट्याची होती.

आठ हिवाळे ती नदीकाठच्या तुकड्यात नुसत्या शेणखतावर आणि लिंबोळी पेंडीवर बटाटा घेत होती. करप्याने पाला काळा पडला की जी झाडे तरीही हिरवी राहत, त्यांच्याखालचेच बटाटे ती पुढच्या लागवडीला ठेवी. बाकीचे घरी शिजत. अलीकडे तिच्या वाफ्यात काळे पान सापडेनासे झाले. गाव बियाणे मागू लागले, आणि पत्र आले.

जातीचा नोंदणी क्रमांक मिळवून द्यायला कार्यालयाचे संशोधन सहायक गोरक्ष साहेब जातीने आले. त्यांनी सेंद्रिय चाचणी आखली. कार्यालयाच्या तीन जाती, चौथी चांगुणाची, एकूण सोळा वाफे. भेसळ टळावी म्हणून तिचे सगळे बियाणे, चारही पाट्या, चाचणीतच लावायचे.

"एक पाटी घरात ठिवते," चांगुणा म्हणाली.

"मग घरातल्या पाटीचा निकाल कोण लावणार?"

तिने चारही पाट्या दिल्या.

दोन महिन्यांत सोळाही वाफे तरारले. गोरक्ष साहेबांचा चेहरा तेवढा उतरला.

"बाई, रोग कुठाय?"

"नाय आला औंदा. हवा कोरडी हाय."

"रोग आल्याशिवाय तुमचा बटाटा रोगाला दाद देत नाही, हे सिद्ध कसं व्हायचं?"

"वाट बघू की."

"चाचणी मार्चअखेर संपवायची आहे. रोगाच्या मर्जीवर कार्यालय चालत नाही."

तेव्हा करपा उपलब्ध करून देण्याचे ठरले. तो बाहेरून मागवावा लागला नाही. कार्यालयाच्या स्वतःच्या प्रक्षेत्रावर मुबलक होता. ओल्या गोणपाटात काळी पाने आली. ती पाण्यात कुस्करून साहेबांनी ते पाणी सोळाही वाफ्यांवर समप्रमाणात फवारले.

शेजारचा पुंजा बांधावरून बघत होता. "आपुन रोगाला भितो," तो म्हणाला, "आन् सरकार त्याला जीपमधनं आणतं. मान हाय रोगाला."

दहा-बारा दिवसांत कार्यालयाच्या तिन्ही जाती जमिनीला टेकल्या. चांगुणाचे चार वाफे हिरवे उभे होते.

"आता द्या नंबर," ती म्हणाली.

"कसला नंबर? तुलनेला निदान दोन जाती जिवंत लागतात. चाचणी रद्द." साहेबांनी वही मिटली. "शिवाय हे आता रोगग्रस्त शेत झालं. इथलं सगळं उपटून जाळायचं, असा नियम आहे."

"माझं तर हिरवं हाय."

"तेच धोक्याचं. रोग आत लपलाय."

"साहेब, रोग तुमीच आणला."

"म्हणूनच, बाई. खाजगी रोग असता तर आम्ही दुर्लक्ष केलं असतं."

चांगुणाने बांधावरची रिकामी पाटी उचलली. "एक पाटी तरी ऱ्हाऊ द्या. आठ वर्सांचं बी हाय माझं."

"बी?" साहेबांनी पत्राची प्रत काढली. "पहिलीच ओळ वाचा. भाजी आहे ती. भाजी काय, बाजारात मिळते."

उसाचे पाचट अंथरून त्यावर तिचा सगळा बटाटा पंचांसमक्ष रचण्यात आला. गाव जमले. आठ वर्षांची मेहनत जळताना पाहून गाव मनापासून हळहळले. मग वारा फिरला आणि वास आला.

पुंजाने काठीने राखेतून एक बटाटा ओढला, फोडला, फुंकून तोंडात टाकला. "लय गोड हाय, वैनी." त्यानंतर कुणी काठी शोधत बसले नाही. पंचांनी मीठ लावून खाल्ले. भाजी असल्यामुळे नियमाची आडकाठी नव्हती. साहेबांनीही दोन खाल्ले.

चांगुणा राखेच्या कडेला बसून, भाजायचा राहिलेला एखादा हाती लागतो का, ते चाचपत होती. तिला भूक लागली असावी असे वाटून लोक तिच्या हातात चांगले मऊ झालेले ठेवत होते.

"वैनी," तोंड पुसत पुंजा म्हणाला, "फुडल्या साली वाईच बी द्या आमाला."

मीठ कुठून आले, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. ते लोकांनी घरून निघतानाच पुडीत बांधून घेतले होते. आपणही त्या दिवशी सायखेड्यात असतो, तर हळहळायलाच गेलो असतो. पुडी घेऊन.