सुकलाल नानांच्या रिकाम्या खोल्या

सुकलाल नाना रिकाम्या खोल्यांवर ओरडायचे. चांगलं खणखणीत ओरडायचे. मी सकाळी चहाचं आधण ठेवलं की भिंतीपलीकडून सुरू व्हायचं, "ए पोऱ्या, नळ बंद कर! तुना बाप भरी का पानी?" आणि त्या वेळी नानांच्या अंगणात नळाखाली कुत्रंसुद्धा नसायचं.

गल्लीनं निदान करून टाकलं होतं. भाडेकरू गेले आणि नाना कामातून गेले. आमच्या गल्लीत निदान फुकट मिळतं.

नाना एसटीत कंडक्टर होते. मूळचे धुळ्याकडचे, निवृत्तीनंतर जळगावात आमच्या शेजारी घर बांधून राहिलेले. नोकरी सुटली तरी गाडी काही सुटली नव्हती. खोली मागायला आलेला माणूस आवडला नाही की म्हणायचे, "जागा नही, पुढली गाडी देखा." भाडेकरूचं पोरगं दहावी झालं की, "चला, उतरा, तुमना स्टॉप ऊना." एवढं म्हणून दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत.

तेव्हा आमच्या गल्लीला सोन्याचा भाव होता, आणि तो काही गल्लीच्या गुणांमुळे नव्हता. गटार उघडं, पाणी एक दिवसाआड. पण टोकाला शाळा होती. तिचा निकाल चांगला, आणि प्रवेश देताना ती आधी आसपास राहणाऱ्या पोरांचा विचार करायची. मग काय! मे महिना लागला की नशिराबादपासून बोदवडपर्यंतचे केळीवाले, कापूसवाले बाप खोली शोधत उन्हात फिरायचे. बापानं शेतीवर राहायचं आणि आईनं पोरांना घेऊन इथं खोलीत, असा रिवाजच पडला होता. लोकांनी कोळशाच्या खोल्यांना चुना लावून त्या भाड्यानं दिल्या. समोरच्या आबांनी तर गोठा रिकामा केला. म्हैस गावाला गेली आणि तिच्या जागी वरणगावचं एक कुटुंब राहायला आलं.

बाकीचे मालक शांत पोरं बघून खोली द्यायचे. नानांचं उलटं. एखादा बाप केळीचा घड पायरीवर ठेवून अजिजीनं सांगायचा, "आमचा गणेश लय शांत हाये, नाना. त्याचा आवाजबी नाही येत."

"मंग पुढली गाडी देखा," नाना म्हणायचे.

आणि बोलणी चालू असताना ज्याचं पोरगं अंगणातल्या पेरूवर चढलेलं असेल, त्याला खोली मिळायची. पुढं वर्षभर त्याच पोरावर ओरडायचं. चप्पल बाजूला काढ, दार आपटू नको, पाढे म्हण. नानांच्या या आरड्याला घरातून ठरलेलं उत्तर यायचं. त्यांची बायको, आमची अक्का, पोरंच आहेत ती म्हणून चुलीपुढून हाक द्यायची, "ऱ्हाऊ द्या हो, पोरे शेतस!" की नाना लगेच गप्प. जणू तेवढं ऐकण्यासाठीच ओरडले होते.

दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याविषयी दोघांपैकी कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नाही. घर पोरांनी भरलेलं असायचं, बोलायला सवड कोणाला होती?

मग एका उन्हाळ्यात अक्का न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. मधल्या खोलीतली खाट तिची झाली. तिथून अंगण दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आणि त्याच उन्हाळ्यात शाळा हायवेच्या पलीकडं नव्या इमारतीत गेली.

सुटीसाठी गावी गेलेल्या आया परत आल्या त्या टेंपो घेऊनच. भांडी, वळकट्या, पोरांची दप्तरं, सगळं हायवेपलीकडं निघालं. जिथं पूर्वी कोणी फुकट प्लॉट घेतला नसता, तिथं आता एकेका खोलीसाठी भांडणं लागली. इकडं दारोदार 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या लोंबू लागल्या. कोळशाच्या खोल्यांत पुन्हा कोळसा आला आणि आबांची म्हैस आपल्या जागी परतली. नानांनी तेवढी पाटी लावली नाही.

जून उजाडला आणि नाना ओरडायला लागले.

एकदा सकाळी मी अक्कासाठी दही घेऊन गेले. नाना अंगणात होते. एका खोलीची कडी काढली, दार धाडकन आपटलं आणि ओरडले, "दार आपटू नको रे!" मग बादली पायानं ढकलली. पेरूखाली पिकलेले पेरू तसेच पडले होते, त्यांवर माश्या बसल्या होत्या. मला पाहिलं तसे नाना चोरासारखे जवळ आले.

"तिले सांगू नका, ताई," ते हळूच म्हणाले. "खोल्या खाली शेतस हाई समजनं तं कशी जगी ती?"

वेडे म्हणत होतो आम्ही या माणसाला. मान डोलावून आत गेले. अक्का आढ्याकडं बघत पडली होती. आता आपणही नाटकात उतरायला हवं म्हणून मी उसनं हसून म्हटलं, "पोरांचा भारी दंगा चाललाय आज, अक्का."

अक्कानं माझा हात धरला. हातात नुसती हाडं राहिली होती.

"माय, शाळा गयी, पोरे गयात, बठ्ठं मालूम शे माले," ती म्हणाली आणि बाहेर नानांच्या दिशेनं मान केली. "आज नळले पानी नही, नि त्या नळ बंद कर म्हंतस. पन तू त्यासले सांगू नको. वरडाले कोनी नही भेटनं तं दिनभर काय करतीन त्या?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात बाहेरून नानांचा आवाज आला, "ए पोऱ्या, पेरूवर नको चढू! पडशी ना!"

अक्का मान उचलायला लागली. तिला जमेना, म्हणून मी पाठीला हात दिला. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ आणून तिनं हाक दिली, "ऱ्हाऊ द्या हो, पोरे शेतस!"

अंगणात नाना लगेच गप्प झाले.