पाट्यांखालची भाजी

सोमवारी सकाळी बबिता मॅडमनी शाळेच्या परसबागेचं फाटक उघडलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. वाफे नुकतेच खुरपलेले होते. केल ही विलायती पालेभाजी नव्हती, लेट्यूस नव्हतं, पार्सलीही नव्हती. त्यांच्या रंगीत पाट्या मात्र ताठ उभ्या होत्या, आणि प्रत्येक पाटीखाली हिरवंगार तण डोलत होतं.

"छबुमावशी!"

शाळेची खिचडी शिजवणाऱ्या छबुबाई पदराला हात पुसत आल्या. चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणारं हसू होतं.

"दिसली का बाग? काल रविवार असून दिवसभर खुरपत होते. लई गवत माजलं होतं."

"मावशी, मी भाजी ठेवून गवत काढायला सांगितलं होतं!"

"मंग तेच केलं की. ही घोळ, ही पाथरी, हे कुंजीर. एक काडी मोडली न्हाई."

बबिता मॅडम वाफ्याच्या कडेलाच बसल्या. पुण्याच्या भावजयीनं पाठवलेलं बी, मुलांनी दोन महिने घातलेलं पाणी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. तासाभरात तालुक्याहून शिक्षण खात्याचे अमरसिंह साहेब परसबाग स्पर्धेसाठी बाग तपासायला यायचे होते. पहिल्या नंबराला शाळेच्या स्वयंपाकाची नवी खोली मिळणार होती.

त्या खोलीची सगळ्यात जास्त आस छबुबाईंनाच होती. जुन्या खोलीचा पत्रा असा गळायचा, की पावसाळ्यात एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात छत्री धरून त्या खिचडी हलवायच्या. छत्री स्वतःवर नाही, पातेल्यावर. म्हणून तर सुट्टीचा रविवार घातला होता. आणि बहात्तरच्या दुष्काळात शाळेतली सरकारी सुकडी आणि रानातलं कुंजीर खाऊन जगलेल्या छबुबाईंना ती भाजी उपटणं म्हणजे पाप वाटलं असतं.

"उपटलेलं कुठंय?" मॅडमनी क्षीण आवाजात विचारलं.

"शेळीपुढं टाकलं. तिनं नुसता वास घेतला अन् तोंड फिरवलं. मंग टाकलं उकिरड्यावर."

एवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष अर्जुनराव फेटा सावरत आले. सगळं ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"रडता कशापायी मॅडम? पाट्या हायेत न्हवं जागेवर? राहू द्या. साहेबानं तरी केल कुठं बघितलंय? पोरांनी पाठ केलेलं म्हणायचं, बस."

मॅडमना ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. आणि जीपचा आवाज आला.

अमरसिंह साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी पाट्या वाचल्या, वाकून पानं पाहिली, वहीत काही लिहिलं. मुलांनी एका सुरात, "केलमध्ये जीवनसत्त्वे असतात," असं म्हणून टाकलं. अर्जुनरावांनी मॅडमकडे पाहून हळूच डोळा मिचकावला.

"छान," साहेब म्हणाले. "यातलं कुणी खाल्लंय का?"

चौथीतल्या सायलीचा हात सगळ्यात आधी वर गेला. "मी सर! केल कालच खाल्लं."

"अरे वा! कसं करता?"

"लसणाची फोडणी द्यायची, मुगाची डाळ टाकायची, अन् भाकरीसंग खायचं. पर सर, आमच्या घरी ह्याला कुंजीर म्हणतेत."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग सायलीकडे.

"आणि पार्सली?"

"तिला घोळ म्हणतेत. आंबट लागती."

"लेट्यूस?"

"पाथरी. ती दुभत्या म्हशीला बी घालतेत सर. दूध वाढतंय."

अर्जुनराव एकाएकी आभाळाकडे पाहू लागले. छबुबाई मात्र पुढे झाल्या.

"साहेब, चूक माझी हाय. मॅडमच्या भाज्या म्या गवत म्हणून उपटल्या. माझ्यापायी शाळेची खोली घालवू नका."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी मुलांना पाट्या उपटायला सांगितलं आणि ते कुंपणाच्या कडेनं चालत एकेका झाडाकडे बोट दाखवून नाव विचारत गेले. 'जीवनसत्त्वे' म्हणताना अडखळणारी मुलं आता एकमेकांना ढकलून सांगू लागली. आघाडा, तरोटा, शेवगा. कशाचा कोवळा पाला खायचा, कशाच्या शेंगा, कुणाची आजी काय घालून करते. जेवताना साहेबांनी घोळीचं वरण दोनदा मागून घेतलं.

महिन्याभरानं निकाल आला. पहिला नंबर! शेरा होता, "रानभाज्यांची उत्तम जोपासना." उन्हाळ्यात नवी खोली उभी राहिली. निकालासोबत एक कागदही आला होता : पुढच्या भाद्रपदात तालुक्यातले सगळे शिक्षक ही बाग बघायला येतील.

बबिता मॅडमनी आता नीट तयारी केली. कुंजीर, घोळ, पाथरी अशा नव्या पाट्या रंगवून घेतल्या. बी गोळा केलं, वाफे आखले, पेरलं. पंधरा दिवस गेले तरी काही उगवेना.

"मावशी, हे येत का नाही?"

"आवतण दिल्यावर येत न्हाई मॅडम ते. दुसऱ्यासाठी वाफा केला, खत घातलं, पाणी दिलं, की मंग येतंय."

मॅडमनी विचार केला आणि पुण्याला भावजयीला फोन लावला. केलचं बी पुन्हा आलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी छबुबाई खुरपं घेऊन वाफ्यात शिरल्या. केल गुडघ्याएवढं माजलं होतं. तण औषधालासुद्धा नव्हतं. त्यांनी एक पान खुडलं, चावून पाहिलं आणि बराच वेळ विचार केला.

"मॅडम, नव्या पाट्या लावून टाका. शेंगदाण्याचं कूट अन् लसूण जरा जास्त घालून बाकीचं मी बघते. त्या मास्तरांनी तरी कुंजीर कुठं बघितलंय?"

झारीनं पाणी घालणारी सायली थबकली. "मावशी, अन् मला कुणी इचारलं तर?"

छबुबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"तुला उद्या ताप येणार हाय."