सप्रे काकांचे शुभेच्छुक

सप्रे काका आमच्याकडे जेवायला आले, की आधी ताटातली पोळी उलगडून बघतात. घडी पसंत पडली नाही, तर ती पोळी माझ्या ताटात येते.

पार्ल्याच्या आमच्या बिल्डिंगमधल्या या शेजाऱ्याचं आयुष्य प्रथिनांच्या अभ्यासात गेलं. प्रथिन म्हणजे एक लांबलचक माळ, ती स्वतःच स्वतःची घडी घालते. "आणि घडी चुकली की वाट लागली!" हे काकांचं बहुतेक आजारांवरचं निदान. माझ्या नोकरीवरचंही. तळमजल्यावरच्या जिमवाल्या पोराने विचारलं, "काका, प्रोटीनची कुठली पावडर घेऊ?" काका म्हणाले, "आधी तो टॉवेल नीट घडी करून आण."

जगभरच्या प्रथिन-संशोधकांची एक संस्था आहे, काका तिचे जुने सभासद. यंदा तिची परिषद चक्क अंधेरीत, विमानतळाजवळच्या हॉटेलात भरली. तिथे आपलं संशोधन एका मोठ्या पोस्टरवर मांडून शेजारी उभं राहायचं आणि कोणी थांबलं की समजावून सांगायचं, अशी पद्धत.

"लोक चहाचा कप घेऊन येतात रे, बघतात, पुढे जातात," काका म्हणाले. "हे माझं शेवटचं पोस्टर. एक माणूस थांबला तरी पुरे."

पोस्टर छापून आणायचं काम मी उत्साहाने अंगावर घेतलं. स्टेशनजवळच्या फ्लेक्सवाल्याला फाइल दिली. "साहेब, फोटो?" त्याने विचारलं. काकांचा एकट्याचा फोटो सापडेना, म्हणून बिल्डिंगच्या जुन्या कोजागिरीचा ग्रुप फोटो पाठवला आणि म्हटलं, "यातून काढ." गुंडाळलेला फ्लेक्स तसाच काखेत मारून थेट हॉटेलात नेला.

उलगडला, आणि मला घाम फुटला.

मधोमध प्रथिनाची आकृती, तिच्याभोवती झेंडूची महिरप. वर हात जोडलेले काका. खाली गोल-गोल चौकटींत आमची अख्खी बिल्डिंग, आणि ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक'.

मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "साहेब, शुभेच्छुक नसले तर बोर्ड भुंडा वाटतो ना!"

"मंद्या," काका दातओठ खात म्हणाले, "मी काय नगरसेवक आहे?"

लोक लांबूनच हसत होते, मोबाइलवर फोटो काढत होते आणि पुढे जात होते. थांबत कोणीच नव्हतं. मला तिथल्या गालिच्याखाली शिरावंसं वाटलं. काका मात्र खालच्या कोपऱ्यातल्या एका गोल चौकटीकडे बघत होते.

मालूकाकू, काकांच्या पत्नी. त्या जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्या फोटोत त्याही आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काका, सॉरी. काढून टाकू?"

"हात लावू नकोस." मग हळूच म्हणाले, "प्रत्येक परिषदेला यायची. अनोळखी असल्यासारखी माझ्या पोस्टरसमोर पहिली उभी राहायची. एक जण दिसला की दुसरा थांबतो, म्हणून. आणि मोठ्याने विचारायची."

"काय?"

"दर वेळी एकच. 'पण याचा उपयोग काय?'"

मी चार पावलं मागे गेलो, शर्ट खोचला, परक्यासारखा चालत आलो आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तोच प्रश्न विचारला.

काकांनी घसा साफ केला. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले आणि सांगू लागले. माझ्या मागे कोणाची तरी पावलं थांबली, मग आणखी कोणाची.

काका बोलत होते ते मात्र त्या कोपऱ्याकडे बघूनच.