आठ अधिक आठ, बरोबर तीन बीप

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मधुकर गुप्ते ह्या माणसाने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि वस्तू दुरुस्त झाली नाही, असं मुलुंड पूर्वेत आजवर घडलेलं नाही. चौतीस वर्षं विजेचे मीटर तपासलेत मी. घरचा मिक्सर आत्तापर्यंत चौदा वेळा दुरुस्त केलाय. चौदा वेळा का करावा लागला, असं आमची ही, पद्मजा, विचारते, पण तो वेगळा विषय आहे.

तर, पद्मजाला मोडी लिपी येते. आठ वर्षं खपून शिकली. चेंबूरच्या एका वाचनालयाने तिला ऑनलाइन मोडी शिकवायला बोलावलं. शनिवारी पाच वाजता नमुन्याचा एक वर्ग. तो आवडला तर तीन महिन्यांची अख्खी बॅच तिची. आठवडाभर ती कणीक मळतानासुद्धा धडा पुटपुटत होती. आणि हे सगळं ती ज्याच्यावर करणार, तो लॅपटॉप बारा वर्षांचा. आमच्या श्रेयसने नोकरी लागल्यावर मागे सोडलेला. चालू करावा, चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी आपला गोल फिरतोय.

श्रेयस फोनवर म्हणाला, "बाबा, मेमरी कमी आहे त्यात. दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. वाढवता येईल, पण जुनं मशीन आहे. किती झेपतं त्याला, ते आधी बघा."

"तू मला शिकवू नकोस रे," मी म्हटलं. "अख्ख्या मुलुंडचा लोड बघितलाय मी."

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उलटा करून झाकण काढलं, दोन्ही पट्ट्या रुमालात बांधल्या आणि स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकान अक्षता नावाच्या मुलीचं. हुशार मुलगी, पण प्रश्न फार विचारते.

"काका, मॉडेल कुठलं?"

"काळं."

तिने पट्ट्या उलटसुलट बघितल्या. "ह्या जातीच्या आहेत माझ्याकडे. पण एवढ्या जुन्या मशीनला वर मर्यादा असते काका. बहुतेक एका खाचेत चार, असं एकूण आठच घेईल ते. चार-चारच्या दोन न्या."

आता तुम्हीच सांगा. श्रेयसला शाळेचा गणवेश कधी मापाचा घेतला का आम्ही? वाढत्या अंगाचा घ्यायचा, दोन बोटं दुमडून शिवायची, तीन वर्षं बघायला नको. त्याच हिशोबाने मी म्हटलं, "आठ-आठच्या दे. पुढे लागतील."

"काका, लॅपटॉप वाढत नाही."

"तू दे गं."

आणि जुन्या पट्ट्या काय फुकट सोडायच्या? आमची आई जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून डबे घ्यायची, ते रक्तात आहे. "जुन्या घे, बदल्यात काहीतरी दे," म्हणून मी अडूनच बसलो. शेवटी तिने पट्ट्या ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि मला माउसखाली ठेवायचं एक पॅड दिलं. त्याच्यावर मांजराचं चित्र होतं. मी विजयी मुद्रेने घरी आलो.

पट्ट्या खटकन बसल्या. अगदी खाचेला खाच. मी झाकण लावलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'आमचा लॅपटॉप चारचा सोळा केला. कोणाचा मंद असल्यास भेटणे. गुप्ते, बी-बारा.' सुगंधाताईंचे दोन अंगठे आले. मग मी लॅपटॉप चालू केला.

पडदा काळा. आणि आवाज आला, बीप, बीप, बीप.

पुन्हा केला. बीप, बीप, बीप.

पट्ट्या काढल्या, खोडरबरने घासल्या, अदलाबदल केली. एकच लावून बघितली. तेच. देवाचं नाव घेऊन लावली, तरी तेच. एवढ्यात दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश.

"गुप्ते, खाली कोण कधीपासून गाडी रिव्हर्स घेतंय हो? माझ्या पार्किंगमध्ये येतंय का बघून आलो. कोणीच नाही."

मी लॅपटॉपवर टॉवेल टाकला. टॉवेलखालून बीप, बीप, बीप.

चार वाजले होते. अक्षताला फोन लावला. "काका, सांगितलं होतं ना, त्याला झेपत नाही. जुन्या लावा, चालू होईल."

"जुन्या तुझ्या ड्रॉवरमध्ये आहेत."

"आणि मी पवईत आहे, एका ऑफिसात. सहाला येते."

मी फोन ठेवून मागे वळलो. स्वयंपाकघराच्या दारात पद्मजा उभी होती. वर्गासाठी म्हणून मोरपंखी साडी नेसलेली, केसात अबोली. तिने टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आठ वर्षं, अहो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने पदर खोचला. कागद टेबलावर पसरला, बोरू काढला, स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "ह्या कागदावर धरा. वरून. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"तासभर."

आणि सांगतो तुम्हाला, काय शिकवलं तिने! लॅपटॉपवर लोकांना तिचा चेहरा दिसला असता. इथे तिचा हात दिसत होता. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ, मग तिला टांगल्यासारखी अक्षरं, बोरू न उचलता, झरझर. फोनमधली चौदा माणसं बघत होती. मीही बघत होतो. तीस वर्षं संसार केला, पण ही बाई काय आहे ते मला त्या दिवशी वरून दिसलं. छाती अशी भरून आली की फोन हलला.

"मॅडम, चित्र थरथरतंय," कोणीतरी म्हणालं. चाळिसाव्या मिनिटाला माझा दंड लटपटायला लागला होता, हेही एक कारण होतं.

शेवटी वाचनालयाच्या जानकीबाई म्हणाल्या, "पद्मजाताई, बॅच तुमचीच. पण असंच शिकवा, वरून. तुमचा स्टँड कुठल्या कंपनीचा?"

सोमवारी मी चार-चारच्या पट्ट्या आणल्या. लॅपटॉप आता झकास पळतो. पण पद्मजा त्याला हात लावत नाही. दर शनिवारी पाच वाजता मी टेबलाशी उभा असतो, फोन धरून. अख्ख्या मुलुंडात एवढा अनुभवी स्टँड दुसरा नसेल, हे मी अभिमानाने सांगतो.

फक्त परवा वर्ग सुरू होताना ती विद्यार्थ्यांना म्हणाली, "चाळीस मिनिटं झाली की आपण थांबू या. आमचा स्टँड जुना आहे, त्याला तेवढंच झेपतं. मी आधी बघून घेतलंय."